चेंडू नसलेली नव्वद मिनिटं

नवरा गेला त्या आठवड्यात आमच्या घरी एक बाई कमरेला चटई गुंडाळून आली. अंगात काळा शर्ट, खाली काळा पायघोळ स्कर्ट, त्यावर गुडघ्यापर्यंत येणारी चटई आणि चटई सरकू नये म्हणून वरून काथ्याची दोरी. दार माझ्या नणंदेनं उघडलं. नणंद शारजातच राहते, डबे पुरवण्याचा व्यवसाय करते, आणि दारात कोणीही आलं की याला बसवायचं कुठे, हाच तिला पहिला प्रश्न पडतो.

"वहिनी, शाळेतून कोणीतरी आलंय," तिनं आत वळून सांगितलं. "बिचारी स्वतःची चटई घेऊन आलीय. आपल्याकडे सतरंज्या कमी पडतायत हे हिला कुणी कळवलं?"

मग तिनं हात पुढे करून हिंदीत म्हटलं, "दे दो, दे दो, इधर बिछाते हैं."

त्या बाईला हिंदी येत नव्हती. पण पुढे केलेल्या हाताचा अर्थ कुठल्याही भाषेत तोच होतो. तिनं हाताकडे पाहिलं, क्षणभर थांबली, दोरीची गाठ सोडली आणि चटई देऊन टाकली. नणंदेनं ती झटकून बाल्कनीच्या दाराशी अंथरली आणि भेटायला आलेल्या दोन शेजारणींना तिच्यावर बसवलं. चटई आणणारी बाई भिंतीला टेकून नुसत्या फरशीवर मांडी घालून बसली. ती चांगली उंच आणि रुंद खांद्यांची होती, तरी मांडी सवयीची वाटली.

माझी मुलगी आतून बाहेर आली. तिनं आधी त्या बाईकडे पाहिलं, मग चटईकडे, मग शेजारणींकडे.

"आत्या," ती म्हणाली, "यू डिड नॉट."

"काय केलं मी?"

मुलगी परत आत गेली. त्या दिवसांत ती बरेचदा अशी आत जायची, म्हणून कोणी विचारलं नाही.

बाई थोडा वेळ बसली. माझा हात दोन्ही हातांत धरून काहीतरी म्हणाली, ते मला तेव्हा ऐकू आलं नाही. निघाली तेव्हा शेजारणी चटईवरच बसलेल्या होत्या. तिनं त्यांना वाकून नमस्कारासारखं काहीतरी केलं आणि चटई न घेता गेली.

ती कोण होती हे मला माहीत होतं. मी दुबईतल्या एका शाळेत ग्रंथपाल आहे आणि ती आमच्या शाळेच्या मुलींच्या फुटबॉल संघाची कोच. माझी मुलगी त्या संघात मागच्या फळीत खेळते. पण ग्रंथालय आणि मैदान शाळेच्या दोन टोकांना आहेत आणि मी माझं टोक फारसं सोडत नसे. मैदानावर जायचा तो माझा नवरा. जबल अलीच्या एका गोदामात तो मालाची तपासणी करायचा. सामना असला की कंपनीच्या बसमधून मध्येच उतरून टॅक्सीनं शाळेत पोचायचा, मुलीच्या संघाच्या गोलमागे उभा राहून फोनवर सगळा सामना टिपायचा आणि टिपता टिपता "मागे! मागे ये!" असं ओरडायचा. त्याला क्रिकेट कळायचं. फुटबॉलमधलं त्याला तेवढं एकच समजलं होतं, की आपली मुलगी बचावाला आहे, म्हणजे तिनं मागे यायला हवं. कोचनं तो शब्द उचलला होता. संघातल्या लेबनीज, फिलिपिनो, मल्याळी, सगळ्या मुली एकमेकींना "मागे" म्हणून ओरडायच्या, असं मुलगी सांगायची.

कामावर परत रुजू झाले त्या दिवशी मी चटई गुंडाळून, वर जुनी ओढणी बांधून, शाळेत घेऊन गेले. मधल्या सुट्टीत कोच ग्रंथालयात आली. हातात सॅलडचा डबा होता. ग्रंथालयात खायला परवानगी नाही. मी आतल्या खोलीचं दार उघडलं.

"मुलीनं मला सांगितलं," मी म्हटलं. "ही बसायची चटई नव्हती."

"नाही," ती म्हणाली. "आमच्याकडे ती नेसतात. कोणी गेलं की त्या घरी ती नेसून जायचं असतं. जितकी जुनी आणि विरलेली, तितका मान मोठा. ही माझ्या आजीची."

"आणि आम्ही तिच्यावर बसलो."

तिनं जरा विचार केला. "शेवटी चटईच आहे," ती म्हणाली.

चटई केवड्याच्या जातीच्या पानांची होती. माझ्या आईच्या पेटीत दरवर्षी गौरींना आणलेलं केवड्याचं पान साड्यांच्या घडीत पडून असायचं, ते वाळल्यावर ज्या रंगाचं व्हायचं त्याच रंगाची. मी तिला तसं सांगितलं. तिनं चटईचा वास घेऊन पाहिला. कसलाच वास नव्हता, असलाच तर आमच्या घरच्या उदबत्तीचा. मग ती म्हणाली, "तुमच्याकडे किती दिवस पाळतात?" मी म्हटलं, तसं तेरा दिवस, पण वर्षभर सण करत नाहीत. "माझ्या आजीनं आजोबांसाठी वर्षभर नेसली होती," ती म्हणाली. "वर्ष होईपर्यंत तुमच्याकडेच राहू दे." मी ओढणी परत बांधली.

त्या सुट्टीत तिनं मला तिची कारकीर्द सांगितली. सांगायला एक सॅलड संपेल इतका वेळ लागला. आईवडील टोंगाचे, म्हणजे पॅसिफिकमधल्या बेटांचे. ती जन्मली आणि वाढली अमेरिकेत. तिचे सगळे भाऊ हेल्मेट घालून एकमेकांना धडकायचा त्यांचा तो अमेरिकन फुटबॉल खेळायचे, आणि ही एकटी पायानं खेळायचा. अंगानं दणकट, म्हणून लहानपणी पहिल्याच कोचनं तिला मागे उभं केलं आणि त्यानंतर कोणीच पुढे बोलावलं नाही. खेळाच्या शिष्यवृत्तीवर कॉलेज झालं. एकोणिसाव्या वर्षी टोंगाच्या संघात निवड झाली. वडिलांनी चर्चमध्ये सगळ्यांना सांगितलं. पहिल्या सामन्याच्या आदल्या दिवशी सरावात गुडघ्यातला अस्थिबंध तुटला. सामना तिनं कुबड्या घेऊन, लाल जर्सी घालून बाकावर बसून पाहिला. मग दोन वर्षं गुडघा. मग स्वीडनमधला एक छोटा क्लब, तिथे खेळण्याआधी मैदानावरचा बर्फ ओढावा लागायचा. मग सायप्रस. तिथला क्लब बंद पडला. मग दुबईची शाळा आणि शनिवारी इथल्या बायकांच्या हौशी लीगमध्ये खेळणं.

"म्हणजे जर्सी आहे," मी म्हटलं.

"जर्सी आहे. सामना नाही."

आता ती पस्तिशीची होती आणि गुडघा जिना उतरताना वाजायचा. उन्हाळ्याआधी तिकडच्या बेटांची एक स्पर्धा होती. टोंगाच्या संघाच्या नव्या प्रशिक्षकाला तिनं स्वतःहून कळवलं होतं. त्याचं म्हणणं एवढंच, की हल्लीचा एक पूर्ण सामना पाठव, न कापलेला, मग बघतो.

"निवडक क्षण पाठवून चालत नाहीत का?" मी विचारलं. हे शब्द मी आदल्याच आठवड्यात मुलांच्या विभागातल्या फुटबॉलच्या पुस्तकात वाचले होते.

"बचावपटूचे निवडक क्षण म्हणजे आधी कोणीतरी काहीतरी चुकवल्याचे पुरावे," ती म्हणाली. "माझा दिवस चांगला गेला तर दाखवायला काही नसतं."

हा सामना माझा नवरा टिपणार होता. तो तिला म्हणाला होता, मी फार छान काढतो. मला हे पहिल्यांदाच कळत होतं. ती मला काही मागत नव्हती. ती डब्याचं झाकण लावत होती आणि ते नीट लागत नव्हतं.

"कधी आहे?" मी विचारलं.

फेब्रुवारीत होता. लीगचा शेवटचा सामना. त्यानंतर यादी जाहीर होणार होती, म्हणजे हा हुकला की खलास.

"मी काढीन," मी म्हटलं. "फक्त काय काढायचं ते सांगा."

"मला," ती म्हणाली. "बस. शिट्टीपासून शिट्टीपर्यंत मला."

घरी नणंदेला हे पटलं नाही.

"वर्षाच्या आत मॅच बघायला जाणार? वहिनी, परवा हळदीकुंकवाला तू आली नाहीस, मी काही बोलले का? मग हे कसं चालतं?"

"बघायला नाही. शूटिंग करायचंय."

नणंदेनं बोटांवर काहीतरी मोजलं. ती मनातल्या मनात शास्त्र तपासत असावी.

"म्हणजे तू बघणार नाहीस, फोन बघणार," ती शेवटी म्हणाली.

"असं म्हणता येईल."

"मग चालतं. मी येते. एकटी कुठे त्या इंडस्ट्रियल एरियात फिरशील." आणि डब्यांच्या जाहिरातीसाठी घेतलेला तीन पायांचा स्टँड ती घेऊन आली. त्याला एका बाजूला हळदीचा डाग होता.

फोन नवऱ्याचाच वापरायचा होता, कारण त्याचा कॅमेरा चांगला. पण त्यात जागा नव्हती. आदल्या दिवशी दुपारी मुलगी आणि मी त्यातले सामने लॅपटॉपवर हलवत बसलो. हलवताना साहजिकच उघडून पाहिले. सामन्यामागून सामना आम्ही मुलीला शोधत होतो. ती फारशी कुठे नव्हती. नवरा चेंडूच्या मागे कॅमेरा फिरवत राहिला होता, आणि संघ बरा असल्यामुळे चेंडू बहुतेक वेळ समोरच्यांच्या गोलाकडे होता. मुलगी एखाद्या वेळी कोपऱ्यात यायची, तिची अर्धी वेणी दिसायची, की चेंडू पुन्हा तिकडे. नवरा तर कुठेच नव्हता. त्याचा आवाज होता, "मागे! मागे ये!"

"ही वॉज सो लाऊड," मुलगी म्हणाली.

आम्ही सगळे हलवले. काही पुसलं नाही.

मैदान शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात, गाड्या रंगवणाऱ्या गॅरेजांच्या मागे होतं. कृत्रिम गवत, चारी बाजूंनी जाळी, आणि वाऱ्याबरोबर रंगाचा वास. दुपार कलली होती. बसायला सिमेंटच्या पायऱ्या होत्या.

"गार लागतंय," नणंद बसता बसता म्हणाली. "ती चटई आणायची होतीस."

मुलीनं तिच्याकडे पाहिलं.

"गंमत केली गं," नणंद म्हणाली.

मी स्टँड लावला, फोन बसवला, कोचला चौकटीच्या मध्ये आणलं आणि शिट्टी झाल्याबरोबर बटण दाबलं. मुलगी तिच्या मैत्रिणींकडे पलीकडच्या बाजूला गेली. तिला वाटलं, आईला हे जमेल.

मी ग्रंथपाल आहे. सांगितलेलं पुस्तक काढून द्यायचं, शेजारचं नाही, ही आमची पद्धत. कोच म्हणाली होती मला काढा, मी तिला काढत होते. ती डावीकडे सरकली की फोन डावीकडे, ती थांबली की फोन थांबायचा. ती बराच वेळ थांबायची. हात लांब करून कुणाला तरी जागा दाखवायची. दोन पावलं पुढे, मग मान वळवून पाठीमागे बघणं, मग एक पाऊल मागे. मोजे वर ओढायची. लांब कुठेतरी आरडाओरडा चालायचा आणि ती त्या दिशेला बघत, ओठ हलवत, हळूहळू तिरकी चालत राहायची. सुरुवातीला मला वाटलं, हिला आज काही कामच नाही. मग असं दिसायला लागलं की समोरच्या संघाची एक चपळ मुलगी जिथे जिथे धावत यायची, तिथे ही आधीच उभी असायची. ती मुलगी बिचारी वळून परत जायची. चेंडू त्यानंतर यायचा, किंवा यायचाच नाही.

"वहिनी, चेंडू तिकडे गेला," नणंद सांगत होती.

"जाऊ दे."

"अगं तिकडे, उजवीकडे! फिरव ना!"

"त्या तिकडे नाहीत."

उत्तरार्धात एकदम पायऱ्या उठून उभ्या राहिल्या. नणंदही उठली. चौकटीत कोचनं एक हात वर केला, टाळी वाजवली, आणि वाकून उजवा मोजा ओढला.

"गोल! आपला गोल! घेतलास ना?"

"नाही."

"मग काय घेतलंस?"

"त्यांना."

नणंद खाली बसली. "माझ्या भावाला बायको बरोब्बर मिळाली होती," ती म्हणाली. तो टोमणा होता की काय, ते मी विचारलं नाही.

शेवटी शेवटी कोच लंगडायला लागली. बाकावरून बदली खेळाडूसाठी खुणा झाल्या, तिनं मान हलवून नाही म्हटलं. टोंगाच्या प्रशिक्षकाला पूर्ण सामना हवा होता. शेवटची शिट्टी झाली तेव्हा ती उभी होती तिथेच खाली बसली आणि मी बटण दाबलं.

परतीच्या वाटेवर टॅक्सीत मुलीनं फोन घेतला. थोडं पाहिलं, पुढे सरकवलं, आणखी पुढे सरकवलं.

"आई. व्हेअर इज द बॉल?"

"येतो मधून मधून."

"आई, धिस इज नव्वद मिनिट्स ऑफ कोच स्टँडिंग!"

मुलगी मराठी आकडा वापरते तेव्हा प्रकरण गंभीर असतं. मी सांगितलं की मला जे सांगितलं होतं ते मी केलं. ती खिडकीबाहेर बघत बसली. मलाही हळूहळू कळायला लागलं होतं. सामने कसे टिपतात हे मी आदल्याच दिवशी तासन्‌तास पाहिलं होतं. दुसरा सामना नव्हता. एका बाईनं सोळा वर्षं वाट पाहिलेली गोष्ट माझ्या हातून गेली असण्याची शक्यता होती, आणि टॅक्सीवाला पेशावरच्या हवेबद्दल बोलत होता.

सोमवारी कोच ग्रंथालयात आली. मी आधीच सांगून टाकलं की यात गोल नाही. तिनं आतल्या खोलीत बसून पाहायला सुरुवात केली. त्या दिवशीची सुट्टी, दुसऱ्या दिवशीची सुट्टी, तिसऱ्या दिवशीची. मी बाहेर पुस्तकांना पट्ट्या लावत होते. मधून मधून दारातून डोकावत होते. ती सॅलड खायची विसरत होती.

"मी मोजे फार ओढते," ती शेवटच्या दिवशी म्हणाली.

"हो."

"हे मला कोणी सांगितलं नव्हतं." मग थोड्या वेळानं, "मी स्वतःला असं कधी पाहिलं नव्हतं. कोणाच्याही फिल्ममध्ये मी आठ-दहा मिनिटं असते."

"पण त्यांना चालेल का?"

"नाही बहुतेक," ती म्हणाली, आणि पाठवून दिलं. दुसरं पाठवण्यासारखं काही नव्हतंच.

तिकडून उत्तर आलं, ते तिनं मला वाचून दाखवलं. चेंडू असलेली आवृत्ती मिळेल का, असं त्यांनी विचारलं होतं. तिनं कळवलं, नाही. मग बरेच दिवस काही नाही. गुढीपाडवा आला, आम्ही गुढी उभारली नाही. नणंदेनं श्रीखंड केलं आणि आमच्याकडे साखर न घातलेला चक्का पाठवला. तिच्या मते चक्का हा सण नव्हे. यादी लागली, त्यात कोचचं नाव नव्हतं. शाळेत ती नेहमीसारखीच मुलींना पळवत होती. मला व्हरांड्यात भेटली तेव्हा म्हणाली, "इट्स ओके, मिस." मी हो म्हटलं. आम्ही दोघी शिस्तीच्या बायका आहोत.

मग एका दुपारी माझी मुलगी ग्रंथालयात धावत आली. ग्रंथालयात धावायला परवानगी नाही.

"आई! शी इज गोइंग!"

यादीतल्या एका बचावपटूला नोकरीतून रजा मिळाली नव्हती, म्हणून जागा रिकामी झाली होती. निवड आमच्या फिल्ममुळे झाली की त्या दुसऱ्या मुलीच्या साहेबामुळे, हे कळायला मार्ग नाही. कोचला मी विचारलं. ती म्हणाली, "मी त्या साहेबासाठीसुद्धा प्रार्थना करीन." जाण्याआधी मी चटई परत देऊ केली. ती म्हणाली, अजून वर्ष व्हायचंय.

तिकडे दुपार तेव्हा इथे सकाळ. रविवार होता. पहिल्या दोन सामन्यांत ती बाकावरच बसली होती आणि हा शेवटचा. नणंद सकाळीच उपम्याचं पातेलं घेऊन आली. टीव्हीवर बघण्याबद्दल शास्त्र काय म्हणतं हे तिनं या वेळी काढलं नाही. मुलीनं लॅपटॉप टीव्हीला जोडला. सोफ्यावर वाळलेल्या कपड्यांचा ढीग होता, म्हणून नणंदेनं जमिनीवर बसायचं ठरवलं, कपाटावरच्या चटईकडे एकदा पाहिलं आणि आतून सतरंजी आणली.

चित्र फार स्पष्ट नव्हतं. एकच कॅमेरा होता आणि तो, इतर सगळ्या कॅमेऱ्यांसारखा, चेंडूमागे फिरत होता. राष्ट्रगीताच्या वेळी बाकावरच्या मुली दाखवल्याच नाहीत. मध्यंतरापर्यंत टोंगाचा संघ तीन गोलांनी मागे होता. मुलगी नखं खात होती.

"ही नाही खेळवणार," ती म्हणाली. चक्क मराठीत.

मध्यंतरानंतर थोड्या वेळानं खेळ थांबला. रेषेपाशी कोणीतरी आकड्याची पाटी वर धरली. शेजारी लाल जर्सीतली, रुंद खांद्यांची एक आकृती वाकून मोजे ओढत होती.

"तीच!" नणंद ओरडली. "अगं तीच! मोजे बघ!"

चेहरा दिसत नव्हता. दिसायची गरज नव्हती. ती आत गेली, सरळ मागे, आपल्या जागेवर, आणि हात लांब करून कोणाला तरी जागा दाखवायला लागली. मग कॅमेरा चेंडूबरोबर दुसरीकडे जाईल म्हणून मी जीव मुठीत धरून बसले. नवऱ्याच्या सगळ्या फिल्म्स मला पाठ होत्या. कोपऱ्यात अर्धी वेणी, आणि गेली.

पण कॅमेरा गेला नाही. समोरचा संघ इतका जोरात होता की चेंडू टोंगाच्या गोलापासून हटतच नव्हता. तो पुन्हा पुन्हा तिच्याकडेच येत होता आणि ती पुन्हा पुन्हा तो लांब मारत होती. लांब मारलेला चेंडू परत यायला फार वेळ लागत नव्हता. उरलेला सगळा वेळ ती चौकटीच्या मधोमध होती.

"हरतायत गं," मी म्हटलं.

"हरू दे," नणंद म्हणाली. "दिसतेय तरी."

चौथा गोल झाला. कोचनं हात वर करून सगळ्या मुलींना जवळ बोलावलं आणि काहीतरी सांगितलं. आवाज येत नव्हता. मुली पांगल्या. चेंडू पुन्हा निघाला, आणि आमच्या सतरंजीवरून, उपम्याची ताटली मांडीवर घेऊन, माझी मुलगी आणि नणंद एकदमच ओरडल्या, "मागे! मागे ये!"

ती आधीच मागे होती.